मेव्हणे, सीडी आणि हरणी म्हैस

जगातली कुठलीही वस्तू बिघडत नाही, ती फक्त रुसते, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. कोल्हापुरात कसबा बावड्यात मेव्हण्यांचा म्हशींचा गोठा आहे. मिक्सर असो की शेजाऱ्याची स्कूटर, बंद पडली की ते आधी तिच्यावरून हात फिरवतात, कान लावतात आणि आजारी जनावराची करावी तशी चौकशी सुरू करतात. माझा भिजलेला मोबाइल त्यांनी एकदा उन्हात कडब्यावर वाळत घातला होता. तो म्हशीनं चाटला. पण चालू झाला, हे मान्य केलं पाहिजे.

मेव्हण्यांचा आवाज असा, की साधा चहा मागितला तरी गल्लीला वाटावं भांडण लागलं. त्यातलं निम्मं बोलणं हरणीचं. ही त्यांची जुनी म्हैस, आता नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्यांना मोटारसायकलीमागं पळवतात. त्यात एका वर्षी हरणी मेव्हण्यांच्या हाकेसरशी मागच्या दोन पायांवर उभी राहिली होती म्हणे. समोरच्या घरातल्या तात्यांना हे कधी पटलं नाही, कारण ते त्या दिवशी लेकीकडे गेले होते. गेल्या पाडव्याला भर चौकात ते म्हणाले, "म्हस व्हती का सर्कस? किती थापा मारशील लेका!"

माणसं खदखदून हसली. मेव्हण्यांचे कान लाल झाले.

"सीडी हाय माझ्याकडं! सांजच्याला घरला या आन् डोळ्यानं बघा!"

संध्याकाळी तात्या आले, पाठोपाठ निम्मी गल्ली आली. मेव्हण्यांनी जुना कॉम्प्युटर लावला, सीडी घातली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. कॉम्प्युटरच्या यादीत सी आणि डी हे ड्राइव्ह दिसत होते, सीडीचा ड्राइव्ह मात्र नव्हताच.

"चला, चहा तर झाला," तात्या मिशीत हसत म्हणाले.

"मेव्हणे, बाहेरून जोडायचा नवा ड्राइव्ह मिळतो," मी हळूच म्हणालो.

"पावणं, म्हस आटली म्हणून कोण लगीच बाजार दावतं व्हय?" असं गरजून त्यांनी बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, आत गेला. "बघा! दार उघडतंय, म्हंजी खातंय, करंट हाय. नुसतं मालकाला वळखंना झालंय."

कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून त्यांनी बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीचा कण नव्हता, कारण दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी स्वतःच आतून ब्लोअर मारला होता. ड्राइव्हमधून निघालेली लाल केबल बोर्डावरच्या खाचेत तिरकी लोंबत होती. मेव्हण्यांनी जीभ चावली, इकडंतिकडं बघितलं आणि ती दाबून बसवली. चालू केलं. नाही. पुन्हा बंद. तात्या चपला शोधू लागले.

"बसा की तात्या! खुंटा बदलून बघतो!"

त्यांनी तीच केबल काढून शेजारच्या खाचेत खोचली, कटकन आवाज येईपर्यंत. कॉम्प्युटरच्या डोक्यावर थाप मारली आणि बटण दाबलं. यादीत ड्राइव्ह उगवला, सीडी घरघरली, हलगी वाजू लागली आणि रंगीत शिंगांची हरणी सगळ्यांदेखत दोन पायांवर उभी राहिली!

मेव्हणे तसेच अनवाणी रस्त्यावर धावले. "आली! हरणी आली!" म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिनं गोठ्यातल्या सगळ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तात्यांची काही धडगत नाही, असं मला वाटलं.

तात्या मात्र पडद्याच्या जवळ सरकून बसले होते.

"परत लाव की," ते म्हणाले.

मेव्हण्यांनी लावलं. हरणी पुन्हा उठली. तात्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ते म्हशीकडं बघतच नव्हते. तिच्या मागं, आज जिथं बिल्डिंग आहे तिथं, त्यांचा ऊस डोक्याएवढा उभा होता.

मेव्हण्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी चित्र तिथंच थांबवलं, तात्यांशेजारी मांडी घातली आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात विचारलं, "तवा उसाला पाणी कुठनं घेतलं व्हतं, तात्या?"

तात्या सांगू लागले.