काचेपलीकडची बॅटरी

ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, भाडेकरूंच्या तक्रारींच्या सुनावणीत कोण काय बोललं ते लॅपटॉपवर टिपून घेण्याचं काम करतात. घरात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणतात. मिक्सर बंद पडला, तर तो दुरुस्त होण्याआधी इतके दिवस फिरत कसा होता, हे त्यांना कळायला हवं असतं. लहानपणच्या तापात त्यांचं ऐकणं निम्मं गेलं. राहिलेलं त्या समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. म्हणून सुनावणीत त्यांची खुर्ची अगदी पुढे, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी.

यंदा लॅपटॉपच्या बॅटरीने मान टाकली. वायर काढली की स्क्रीन काळी. सॉकेट मागच्या भिंतीला. तिथे बसलं तर नुसत्या पाठी दिसणार. मधून वायर ओढायला सुनावणी घेणाऱ्या साहेबांची मनाई, कारण एकदा एक आजोबा अडखळून पडले होते. साहेबांनी सांगून टाकलं, "पुढच्या सुनावणीपर्यंत सोय करा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आम्ही दोघी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी लॅपटॉप उलटासुलटा केला.

"आजी, ही बॅटरी आता येत नाही. नवा लॅपटॉपच घ्या ना."

"आजी ह्या," वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी अजून कामावर जाते. जरा आत विचारून बघा."

बाई काचेच्या भिंतीपलीकडे मेकॅनिककडे गेल्या आणि दार लागलं. मला काही ऐकू येईना. वन्सं मात्र मान तिरकी करून बघत होत्या.

"मेकॅनिक म्हणतोय, कपाटात दोन पडल्यात. बाई म्हणतात, राहू दे, महिनाअखेर आहे, लॅपटॉप खपवायचेत."

मी पेटलेच. "चला, चांगलं झापू या!"

"थांबा हो वहिनी. आता काय सांगतात ते तर बघू."

बाई दार उघडं टाकून बाहेर आल्या. "नाहीच आहे हो."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "बॅटरी झिजते, तिची गॅरंटी संपली, पैसे मीच भरणार. त्यात वाद नाही. फक्त बॅटरी मिळत नाही एवढं कंपनीच्या कागदावर सहीनिशी द्या. ग्राहक मंचात दाखवावं लागेल. आणि त्या कपाटात काय असतं हो? मेकॅनिक आत्ता बोट दाखवत होते ते?"

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला आतलं ऐकू आलं?"

"छे! मी अर्धी बहिरी आहे."

मेकॅनिकला हसू आवरेना. तो स्वतःच बॅटरी घेऊन बाहेर आला. पण वन्सं कसल्या हलतात! "लॅपटॉप माझ्यासमोर उघडा," म्हणाल्या. जुनी बॅटरी पोट फुगल्यासारखी दिसत होती. ती का फुगते, आत काय असतं, टाकायची कुठे, सगळं विचारून झालं. मेकॅनिकही रंगून सांगत होता. बाई मुकाट्याने बिल करत होत्या.

सुनावणीच्या दिवशी वन्सं घरी आल्याबरोबर मी विचारलं, "पुढे बसलात ना?"

"बसले की. बॅटरी शेवटपर्यंत टिकली. पण घरमालकाचे वकील मिशा वाढवताहेत, वहिनी. वरचा ओठ निम्मा गेलाय. कुठवर वाढवणार आहेत, ते उद्या त्यांनाच विचारते."