खुडूक कोंबडी आणि बांगड्यावाली

ती बांगड्यावाली अल्लीपूरकडून आमच्या दारात एकदाच आली. नाव मी विचारलं नाही. तिची रीत तेवढी लक्षात राहिली. आधी मनगट घट्ट धरायचं, मग बोटं गोळा करून दाबायची, आणि बांगडी चढेपर्यंत हात सोडायचा नाही.

माझी लहानगी नात तिच्यासमोर बसली होती. आत खाटेखाली टोपलीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली. सकाळपासून पिलं निघत होती आणि नात घडीघडी त्यांना हात लावायला धावत होती. तेवढ्यात कोंबडी जोरात ओरडायला लागली. नात उठली, पण बाईनं मनगट सोडलं नाही.

"सोड तिले," मी म्हटलं. "कोंबडी हाय, वाघ नाई."

"नाई मावशी, लेकराले नका जाऊ देऊ."

नात रडू लागली. मी चिडून आत गेले, वाकून पाहिलं. टोपलीला लागून नाग फणा काढून बसला होता. मी ओरडतच मागं सरले. शेजारी काठ्या घेऊन येईपर्यंत तो मोरीतून निघून गेला. कुठं गेला, कोणाला दिसलं नाही.

"काऊन व, तुले समजलं होतं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"मले काय समजते? मले कोंबडीचंच भेव लागते. लहानपणी डोळ्यापाशी चोच मारली होती एकीनं."

आता मी दिवसाही बॅटरी मारल्याशिवाय खाटेखाली वाकत नाही. ती बाई जराशी धीट असती, तर माझं ऐकून तिनं पोरीला सोडलं असतं.