सगळ्यांदेखत टाकलेले फासे

शनिवारी दुपारी चेन्नईत पेरुंगुडीच्या माझ्या फ्लॅटवर आम्ही ऑफिसातले पाचजण खेळायला बसायचो. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. आधी प्रत्येक पात्राचे सहा गुण ठरायचे: ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे. एका गुणासाठी चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तीन आकड्यांची बेरीज लिहायची. हे घरूनच करून कागद आणायचा, असं ठरलं होतं. शिकलीसवरलेली माणसं, खोटं कोण लिहील?

मी लिहिलं. पहिल्या खेपेचे आकडे आवडले नाहीत, म्हणून पुन्हा टाकले. पाचव्या खेपेला मनासारखे पडले, तेव्हा पेन उघडलं. लाज वाटली नाही, हेही सांगून टाकतो.

त्या शहरातला माझा एकुलता एक मित्र पहिल्या शनिवारी नव्हता. तो तंजावरकडच्या मराठी घरातला. त्या दिवशी त्याच्या वडिलांची तिथी होती. मी पुण्याचा, त्याची मराठी ऐकून सुरुवातीला फिदीफिदी हसलेला. तरी दर रविवारी त्याच्या आईच्या हातचं पोटभर जेवायचो. चेन्नईत मला घर म्हणावं असं ते एकच होतं.

पुढच्या शनिवारी त्यानं कागद पुढे केला. दोन अठरा, एक सतरा, उरलेलेही माझ्यापेक्षा वरचढ. अठराच्या वर बेरीज जातच नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"हे शक्य नाही," मी म्हणालो आणि कागदावर शक्यतेचं गणित मांडून दाखवलं. क्वचित आणि अशक्य यांतला फरक मला परीक्षेत नीट लिहिता आला असता.

"देवापुढें बसून टाकलें. अम्मा होती," तो म्हणाला.

"मग साक्षीला अम्माला बोलवायचं का?"

सगळे हसले. गोष्ट चालवणारा म्हणाला, भांडण नको, सगळ्यांना तेच सहा आकडे देऊ, ज्यानं त्यानं ते सहा गुणांत हवे तसे वाटून घ्यावेत. मित्र कबूल झाला. मी नाही झालो. आमचा खेळ सुरू झालाय, यानं एकट्यानं सगळ्यांदेखत टाकावेत, असा मी हट्ट धरला.

"मग सगळेच टाकूं," तो म्हणाला.

यावर मी एवढा आवाज चढवला की शेवटी माझंच चाललं. न्यायाची भाषा मला नेहमीच छान जमते.

फासे पलंगाखाली जाऊ नयेत आणि हातचलाखी नको, म्हणून मी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं. त्यानं सहा वेळा फासे टाकले. एकही बेरीज अकराच्या वर गेली नाही. "बघा," मी म्हणालो. त्यानं ते आकडे सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. त्यानंतर दोन शनिवार आला, मग यायचा थांबला. ऑफिसात दिसला की मान हलवायचा, तेवढंच. रविवारचं जाणं मात्र माझं मीच बंद केलं. चोराच्या मनात चांदणं! अम्मानं काही विचारलं तर, ही धास्ती.

काही महिन्यांनी ती टी. नगरच्या बसस्टॉपवर भेटली, हातात साडीच्या दुकानाची पिशवी.

"काय म्हणून घरास येणें सोडलास रे?" तिनं विचारलं. "तोही शनिवारीं घरींच बसतो अहे. ते आकडे पडले तेव्हां किती खूष होता! मी सांगिटलें, तुला कधीं नाही तें एवढें चांगलें पडलें, जपून ठेव. मग एक दिवस कागद फाडून टाकला. विचारलें तर बोलत नाही. तुम्हां दोघांत काय झालें?"

म्हणजे तिनं खरंच पाहिलं होतं. खरं सांगायला याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती. बसही दिसत नव्हती.

"ऑफिसात फार काम असतं हो अम्मा," मी म्हणालो, "दोघांनाही. बाकी काही नाही."

"तसें कां? मी उगींच भ्यालें," ती म्हणाली.

माझ्या शब्दावर तिनं लगेच विश्वास ठेवला.