मामांनी अडवलेली वाट

माझ्या बायकोच्या मामांइतका जनावरांचा मान राखणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. माणसांचा मान मात्र ते सवडीने राखत.

कळसच्या माळावर त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या मेंढरांमागे गेल्या. मामांच्या वेळेला मेंढरं गेली, विहीर आली, विहिरीवर एकरभर ऊस आला; पण मेंढक्याची शिस्त काही अंगातून गेली नाही. लांडगा समोर आला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही आणि काही झालं तरी जनावराची वाट अडवायची नाही. हे माळापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. उसात शिरताना मामा खाकरत, काठी आपटत, म्हणजे आतलं जनावर दचकत नाही. त्याच सवयीने ते बँकेत शिरत आणि कॅशियर दचके. कचेरीतून निघताना साहेबाकडे तोंड ठेवून उलट्या पावली दारापर्यंत येत. त्यात एकदा शिपायाच्या हातातले तीन चहा सांडले. आमच्या लग्नात तर मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना त्यांनी चक्क काठीने बाजूला सारलं. "गर्दी बुजली तर कुठनं जाईल? वाट मोकळी ठिवा!" वडील पुढे दोन वर्षं धुसफुसत होते.

एकदा मी विचारलं, "मामा, तुम्हाला जनावराची भीती नाही वाटत?"

"वाटती की! त्येलाबी वाटती. दोघंबी भ्याल्यात म्हटल्यावर शान्यानं सरकावं."

मला तेव्हा हे ऐकून हसू आलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला, बुडाखाली नवी मोटारसायकल, गळ्यात नवा कॅमेरा. अशा थाटात मामांच्या उसाची तोड बघायला गेलो. ऊस तुटत आला की आतलं जनावर मागे सरकत सरकत शेवटच्या पट्टीत अडकतं. त्या दिवशी पट्टीत चांगलं सुळ्यांचं रानडुक्कर होतं. मामांनी तोडकऱ्यांना तीन बाजूंना उभं केलं आणि ओढ्याची बाजू त्याला पळायला मोकळी सोडली. मला बांधावर बसवून म्हणाले, "जावईबापू, हितनं हलायचं न्हाय."

बांधावरून फोटो चांगला येईना. मी गुपचूप वळसा घालून नेमका ओढ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

ऊस हलला. माझे पाय जागचे हलेनात. तेवढ्यात जन्मात कधी न पळालेले मामा ओरडत पळत आले आणि त्यांनी मला ओढ्यात ढकललं. स्वतः बाजूला व्हायला त्यांना वेळ उरला नाही. डुक्कर निघून गेलं, पण मामांची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली.

तोडकरी धावत आले. "आबा, तुमी हितं कसं?"

मामांनी चिखलात बसलेल्या माझ्याकडे एकदा बघितलं. "चुकलं माजं. मीच वाटंत उभा ऱ्हायलो. जावईबापू मला वढाय आलं, म्हनून वाचलो."

मी तोंड उघडलं नाही.

जखम भरली, पण मामा कायमचे लंगडे झाले. त्याहून वाईट म्हणजे, गावाला थट्टेला विषय मिळाला. मामा पारावर आले की कुणीतरी ओरडे, "आबा आलं, वाट सोडा!" मामाही त्यांच्यात हसत. पुढच्या तोडीला लोकांनी शेजारचा फड चारही बाजूंनी घेरला. मामा सांगायला उठले, थोडं थांबले आणि परत खाली बसले. त्यांचं ते बसणं मला अजून खातं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मामांना कसं वाचवलं, ते बायको आल्यागेल्याला अभिमानाने सांगते. मी "नाही, नाही" म्हणतो, तर लोकांना तो माझा विनय वाटतो.