शिपायाची नक्कल

ओंकार खुर्चीवरून उठला. खांद्यावरचं फडकं काढलं आणि जिथं बसला होता ती जागा पुसली. बैठक पुसली, कडा पुसल्या, हात टेकले होते तिथंही पुसलं. वाकून, घाईघाईनं, कोणी बघायच्या आत. मग म्हणाला, "व्हय साहेब. आलो साहेब."

सभागृह दणाणलं. पोरं बाकांवर हात आपटत होती. पुढच्या रांगेत प्राचार्य हसून हसून डोळे टिपत होते.

ओंकारच्या अंगावर खाकी कपडे होते. ते माझे होते. "काका, नाटुकल्याला लागतात," म्हणाला, म्हणून मीच इस्त्री करून दिले होते. डावा खांदा त्यानं खाली पाडला होता. तोही माझाच.

मी दारापाशी उभा होतो. आणि मीही हसत होतो.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. अकरा वर्षं झाली होती, तरी हंगामीच. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झालेली. कायम व्हायची ऑर्डर निघणार, निघणार, असं चाललं होतं.

मराठीच्या सरांनी पोरांसाठी विनोदी अभिनयाची पाच दिवसांची कार्यशाळा ठेवली. बाहेरून बोलावलेला दिग्दर्शक पहिल्या दिवशी आला तो शेवटचाच. आमच्या वस्तीत जयंतीला मी जलशात विनोदी कामं करायचो. सरांनी ते एकदा बघितलं होतं. म्हणाले, "उरलेले दिवस तुम्ही सांभाळा. पोरांना हसवायला शिकवा."

मी शिकवलं. जीव ओतून शिकवलं. पडायचं कसं, पण हात आधी कसा टेकवायचा. स्वतः आधी हसायचं नाही. हशा पिकला की गप्प उभं राहायचं, तो खाली बसायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पोरं वहीत लिहून घ्यायची. एक पोरगी मला चुकून "सर" म्हणाली. दुसऱ्यांनीही धरलं. त्या दिवसांत मी घरी सायकल हाणत जायचो ते गाणं म्हणत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "माणूस नीट बघा. त्याला स्वतःला ठाऊक नाही असं काहीतरी तो करत असतो. ते धरा."

त्यांनी मला धरलं.

माझी पोरगी सुजाता त्याच कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. शेवटच्या दिवशीच्या त्या प्रयोगाला ती मधल्या रांगेत बसली होती. पोरं वळून वळून तिच्याकडं बघत होती. ती समोर बघत होती. नुसती समोर.

घरी जाताना अर्ध्या वाटेत बोलली.

"पप्पा, तुम्ही खुर्ची का पुसता?"

"मी? मी कुठं पुसतो?"

"सगळ्या कॉलेजला माहीत आहे. तुम्हालाच माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. सायकल हातात धरून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. आणि मला माझा बाप दिसला.

निफाडजवळ आमचं गाव. बाप मालकाच्या द्राक्षबागेत राबायचा. मजुरीचं बोलायला गेला की मालक त्याला ओट्याच्या कोपऱ्यावर टेकू द्यायचा. उठताना बाप खांद्यावरच्या फडक्यानं ती जागा पुसायचा. तरी मालकीण मागून तांब्याभर पाणी ओतायची. मी सहा-सात वर्षांचा, बापाचं धोतर धरून उभा. मला कोणी शिकवलं नाही. हातानं परस्पर शिकून घेतलं होतं.

"आणि तुम्ही हसलात का?" सुजातानं विचारलं.

मी सायकल पुढं ढकलली.

आठवड्यानं कळलं, ते नाटुकलं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार. सरांनी तालमीला बोलावलं. म्हणाले, "तो पुसण्याचा भाग जरा लांबवा. हशा तिथंच मोठा आहे."

"सर, ते काढा."

"अहो, विनोद आहे तो. कलावंत ना तुम्ही? इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मग मी एक करून दाखवतो," म्हणालो.

सर माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेत नसत. मी पुढं केला की त्यांचा हात मागं जायचा, चेहऱ्यावर हसू यायचं, आणि "ठेवा, ठेवा तिकडे." मी तेच केलं. मागं जाणारा हात. गोड हसू. "ठेवा, ठेवा तिकडे." मग लगेच वळून वर्गाला समतेवर चार वाक्यं, त्यांच्याच आवाजात. एकही जागा चुकली नाही. इतकं चोख काम मी जलशातसुद्धा केलं नव्हतं.

कोणी हसलं नाही.

एका पोरीनं तोंडावर हात दाबला आणि मान खाली घातली. ओंकार बुटांकडं बघत राहिला. नक्कल तीच, कसब तेच. पण शिपायावर हसता येतं. सरांवर येत नाही. तेवढ्यात मला सगळं लख्ख दिसलं.

सर म्हणाले, "शिपाई आहात. शिपायासारखं राहा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून टाईप केलेला माफीनामा आला. खाली माझं नाव, सहीला जागा. सही केली तर ऑर्डर निघेल. नाही केली तर तीन दिवसांनंतर यायचं नाही.

बायको रडली. "अवो, करा ना एक सही. लोक हसले तं हसले. पोरगी शिकतीय अजून. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

ती चुकीचं बोलत नव्हती. दुसरं काहीच नव्हतं. कॉलेजच्या जिन्यात पोरं सुजाताला "व्हय साहेब" म्हणायची. तिनं कँटीन सोडलं, मग सकाळचे तास सोडले. कुठल्या शब्दावर थांबायचं, आवाज कुठं पाडायचा, ते सगळं त्या पोरांना मीच शिकवलं होतं. ते मला खात होतं. दोन दिवस तो कागद पुढ्यात घेऊन बसलो. पेनाचं टोपण काढायचो, लावायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुजाता म्हणाली, "तुम्ही सही केलीत तर मी कॉलेज सोडीन. नाही केलीत तर जाईन. म्हणू देत त्यांना काय म्हणायचंय ते."

मी ऑफिसात गेलो. बिनसहीचा माफीनामा टेबलावर ठेवला.

क्लार्क हळूच म्हणाला, "विचार करा. ऑर्डर तयार आहे तुमची."

"सही नाही," म्हणालो, आणि बाहेर पडलो.

नोकरी गेली. नाटुकलं स्पर्धेला गेलं, बक्षीस घेऊन आलं, तो भाग लांबवून. सुजाता रोज जात राहिली. संध्याकाळी यायची तेव्हा तिचा चेहरा बघवायचा नाही. मी भाजी मार्केटात हमाली करतो. डावा खांदा आणखी खाली गेलाय.

वस्तीतली पोरं जलशासाठी शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. ज्याच्यापुढं तुमची मान खाली जाते, त्याची नक्कल आधी करा. पाय लटपटले तरी करा. कोणी हसलं नाही तरी करा. तुमच्याहून दुबळ्या माणसाची नक्कल करायची असेल तर माझ्या दारात यायचं नाही.

ती मी कोणाला शिकवणार नाही. पुन्हा कधीच नाही.