नेपरव्हिल ते ईडन प्रेरी: रुकय्यामावशींना भेटायला

लाँग वीकेंडला मिनेसोटाला चाललोय ते तळी बघायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण आमची सतरा वर्षांची इरा. तिच्या वर्गमैत्रिणीच्या वडिलांना इमिग्रेशनवाल्यांनी पकडून नेलं होतं आणि तिला त्याविरुद्धच्या शिकागोतल्या मोर्चाला जायचं होतं. ती इथे जन्मलेली. मी आणि नवरा अजून व्हिसावर. मी ठाम नाही म्हटलं. मग आपले आईबाप जे करतात तेच केलं: मोठ्या माणसाकडून पोरीला चार शब्द सांगवायचे.

हे मोठं माणूस म्हणजे रुकय्यामावशी, नवऱ्याचा जुना कलीग यूसुफ याची आई. केपटाऊनहून लेकाकडे आलेल्या, आजोबा मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी वर्णभेदाविरुद्ध लढल्या, तुरुंगात गेल्या, पुढे तिकडच्या प्रांताच्या विधिमंडळात निवडून आल्या. एवढं भोगलेली बाई शहाणपणच सांगेल, जाऊ नको म्हणेल, असा माझा अंदाज.

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलहून सकाळी निघालात तर मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला, यूसुफच्या घरी, दुपारच्या चहाला पोचता. टोल फक्त इलिनॉयमध्ये. विस्कॉन्सिनमध्ये चीज कर्ड्स ताजेच घ्या, दाताखाली करकरले पाहिजेत. इरा पूर्ण रस्ताभर हेडफोन लावून बसली होती.

मावशींनी माशाचं कालवण केलं होतं. कोकम मिळालं नाही म्हणून चिंच घातलेली, तरी मी दोनदा भात घेतला. जेवणानंतर मी विषय काढला तर त्यांनी हात वर केला. "एकेकटीनं या."

यूसुफने समजावलं, "तेव्हाच्या वर्णभेदी सरकारनं अम्मीवर बंदी घातली होती. एका वेळी एकाच माणसाला भेटायचं. आता कोणाची बंदी नाही, पण महत्त्वाचं असलं की ती अजून तशीच बोलते."

इरा आत गेली, मी डेकवर डास मारत बसले. (उन्हाळ्यात जाणार असाल तर डासांचं औषध न्याच.) मग माझा नंबर.

"काय सांगितलंत तिला?"

"तिलाच विचार." मग म्हणाल्या, "माझ्या आईनं मला कोंडलं होतं. मी खिडकीतून मोर्चाला गेले. पुढे मी सत्तेत आले, तेव्हा विद्यार्थी माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर धरणं धरून बसले. मी मागच्या दारानं घरी गेले."

"मग मी तिला जाऊ देऊ का?"

"ते मी कशाला सांगू? तू नाही म्हणालीस. का नाही, ते सांगितलंस?"

मला रागच आला. एवढं ड्राइव्ह करून आले आणि प्रश्न मलाच!

दुसऱ्या दिवशी मिनेहाहा धबधबा बघितला. तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. नवरा आइस्क्रीमच्या रांगेत होता. बाकावर मी इराला सांगून टाकलं, "मोर्चात तू पकडली गेलीस आणि त्यावरून बाबांचं काम नि व्हिसा गेला, तर आम्हाला परत जावं लागेल. तू इथली. तू एकटी राहशील, याची मला भीती वाटते."

"आई, यू नेव्हर सेड दॅट." तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "आय स्टिल वॉन्ट टू गो."

ट्रिप छान झाली, मुलं असतील तर जरूर जा. आज परत आल्यानंतरचा शनिवार. सकाळी मीच इराला स्टेशनवर सोडून आले. ती आत्ता मोर्चात असेल. तिने जायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं, आणि हे तिला माहीत आहे.