ब्रुअरीच्या फरशीवर थोडे थेंब

मंडळी, आज आईबाबांना बेसाजवळच्या ब्रुअरीत घेऊन गेले. हसू नका, बिअर कशी बनते ते बघायचा हट्ट बाबांचाच होता.

मोठमोठ्या टाक्या बघून झाल्यावर चवीसाठी छोटे ग्लास समोर आले. आईनं सवयीनं नाकाला पदर लावला. बाबांनी मात्र ग्लासात बोट बुडवलं आणि चकचकीत फरशीवर थेंब शिंपडले.

"काका, आवडली नाही का?" टाक्या दाखवणाऱ्या मुलीनं विचारलं.

"तसं नाही, पोरी. पहिला थेंब जमिनीचा असते. सत्तर-पंचाहत्तर साली आम्ही कन्हानच्या खाणीत कोळसा काढत होतो. रोज तिच्या पोटात उतरत होतो, अन् ती आम्हाले रोज वर येऊ देत होती. ड्यूटी सुटल्यावर दोस्त बसलो का पहिले तिले द्याचं, मंग आपण घ्याचं."

त्या बसण्यावरून आई जन्मभर बाबांशी भांडत आली. त्यातला पहिला थेंब जमिनीला जायचा, हे मात्र तिला आज कळलं.

तिनं नाकावरचा पदर काढला. मग तिनं बाबांच्याच ग्लासात बोट बुडवलं आणि फरशीवर थेंब शिंपडले.

"हे माह्याकडून," ती म्हणाली. "रोज तुमाले घरी वापस पाठवलं न तिनं."

तुमच्या घरी पहिला थेंब, पहिला घास कोणाचा असतो?